डायब्लो टू: नेक्रोचे सांगाडे ऑर्डर ऐकत नाहीत, मग त्यांना हाकायचं कसं

विट्याचा माझा मावसभाऊ गेल्या दिवाळीच्या सुट्टीत डायब्लो टू ह्या जुन्या गेमची नवी आवृत्ती, रिझरेक्टेड, घेऊन बसला, नेक्रोमॅन्सर (शत्रूच्या मढ्यातनं सांगाडे उठवून लढणारा मांत्रिक, थोडक्यात नेक्रो) केला, आणि तिसऱ्याच दिवशी रात्री साडेअकराला फोन, "दादा, ह्या सांगाड्यांना अटॅक कर म्हणून सांगायचं बटण कुठलं हाय?" मी म्हटलं बटण नाहीच. त्याला खरंच वाटेना. आणि त्याचं चुकत नव्हतं, कारण दुसऱ्या गेममध्ये अशी सोय असते, १९९९ चा एव्हरक्वेस्ट घ्या, तिथं नेक्रोमॅन्सर आपल्या पेटला, म्हणजे बरोबर लढणाऱ्या साथीदाराला, सरळ टाइप करून सांगतो, अटॅक कर, मागं ये, इथंच थांबून राखण कर. डायब्लो टू मध्ये २००० साली गेम आला तेव्हा हे काही नव्हतं आणि सप्टेंबर २०२१ ला रिझरेक्टेड आला त्यातही नाही. त्या रात्री फोनवर तासभर समजावलं, नंतर वाटलं हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण समनर, म्हणजे सैन्य उठवून लढणारा नेक्रो, खेळणारे बरेचजण नाइटमेअर ह्या दुसऱ्या डिफिकल्टीपर्यंत कसेबसे येतात आणि मग "सांगाडे नुसते मरतात राव" म्हणून दुसरा बिल्ड (स्किलची वेगळी मांडणी) धरतात. सांगाडे मरतात ते बहुतेक वेळा आपण चुकीच्या जागी उभं असतो म्हणून मरतात.

आमचं आजोळ जत तालुक्यातलं, तिकडं माडग्याळी मेंढरं. लहानपणी सुट्टीत मामाबरोबर रानात जायचो. मामा कधी एकेका मेंढराला हाक मारत बसत नसायचा, तो फक्त कुठल्या अंगाला उभं राहायचं ते ठरवायचा. ज्वारी डावीकडं असली की मामा डावीकडं, कळप आपोआप पडीक रानाकडं वळायचा. नेक्रो खेळताना मला तेच डोक्यात येतं. सांगाड्याला दोनच गोष्टी कळतात, एक म्हणजे मालकाच्या आसपास राहायचं, आणि दुसरी, जवळ जो शत्रू दिसेल त्याला हाणायचं. तुम्ही लांब गेलात की तो हातातली मारामारी सोडून तुमच्याकडं निघतो, आणि फारच लांब गेलात तर तिथनं गायब होऊन तुमच्या शेजारी उगवतो. बास, एवढ्या दोन गोष्टींवर सगळा काबू करायचा.

आता हे हाताला बसायला पाहिजे, वाचून बसत नाही. नवीन कॅरेक्टर करा, सुरुवातीच्या कांडीवरच रेझ स्केलेटन ह्या सांगाडा उठवायच्या स्किलला प्लस वन असतं त्यामुळं पॉइंट न टाकतासुद्धा पहिला सांगाडा उठतो. गावाबाहेरच्या ब्लड मूरमध्ये जा, दोनतीन सांगाडे झाले की शत्रूचा एक घोळका बघा आणि लगेच आत घुसू नका. अर्धा स्क्रीन अंतर ठेवून थांबा. सांगाडे तुमच्या भोवती घुटमळतील. मग दोन पावलं पुढं या, सांगाड्यांना शत्रू दिसला की ते सुटतात. आता तुम्ही हलू नका, हे सगळ्यात अवघड आहे, बोट क्लिक करायला शिवशिवतं पण थांबायचं. मारामारी रंगात आली की मुद्दाम मागं फिरून लांब जा आणि बघा किती अंतरावर सांगाडे मारामारी सोडतात. हे अंतर तुमच्या डोळ्यात बसलं पाहिजे. दहापंधरा वेळा केलं की बसतं. मग तुम्हाला कळतं की पुढं जाणं म्हणजे "सुटा" आणि मागं जाणं म्हणजे "परत या", आणि आडवं जाणं म्हणजे सगळं सैन्य एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकवणं. आडवं जाणं लोक विसरतात. एका बाजूला तिरंदाज आहेत आणि दुसऱ्या बाजूला साधे फॉलन (छोटे राक्षस) आहेत, तर तिरंदाजांच्या अंगाला सरका, सांगाडे तिकडचे आधी धरतील.

सगळ्यात जास्त बघितलेली चूक म्हणजे नुसतं पळणं. बार्बेरियन, म्हणजे स्वतः पुढं होऊन हाणणारा योद्धा, खेळून आलेला माणूस नेक्रोला पण तसाच पळवतो, मग सैन्य राहतं मागं आणि तुम्ही एकटे पुढं, आणि सांगाडे तुमच्यापर्यंत येईतो तुमचा निम्मा लाइफ गेलेला असतो. नवीन भागात थांबत थांबत जायचं, प्रत्येक दाराशी थांबायचं, दाराच्या समोर उभं न राहता कडेला तिरकं उभं राहायचं म्हणजे आतनं येणारे बाण तुमच्या अंगावर येत नाहीत आणि सांगाड्यांना आत शिरायला वाट राहते.

पांगलेलं सैन्य गोळा करायचं असेल तर सगळ्यात सोपा उपाय टाऊन पोर्टल. पोर्टल उघडा, गावात जा, लगेच परत या, सगळे तुमच्या भोवती गोल करून उभे. जिना उतरला तरी तेच होतं आणि वेपॉइंटनं (एका भागातनं थेट दुसऱ्या भागात नेणारा थांबा) गेलं तरी तेच. म्हणून बॉसच्या दाराशी आलं की मी कधीच तसाच आत जात नाही, पोर्टलनं एक फेरी मारतो, तेवढ्यात पोशन भरून होतात आणि कोण कोण जिवंत आहे ते पण मोजून होतं. टेलिपोर्ट (एका झटक्यात दुसऱ्या जागी जायचं स्किल) असेल तर मग विचारूच नका, टेलिपोर्ट मारला की सगळे तुमच्या अंगाभोवती येऊन पडतात, म्हणजे सैन्य उचलून थेट शत्रूच्या डोक्यावर ठेवल्यासारखं. जाह, इथ, बेर ह्या तीन रनचा (रन म्हणजे सामानाच्या खाचेत बसवायचे मंतरलेले दगड) एनिग्मा चिलखतात बसवला की टेलिपोर्ट मिळतो पण तो सगळ्यांना कुठला परवडतोय, लेव्हल पण ६५ लागते. टेलिपोर्टचे चार्ज असलेली एखादी स्टाफ किंवा अॅम्युलेट मिळाली तर जपून ठेवा, दुसऱ्या वेपन स्लॉटला स्टाफ लावून फक्त अडचणीच्या जागी वापरा.

आता गोलेम. मावसभावाला हा भाग सगळ्यात उशिरा कळला आणि कळल्यावर त्याचा खेळच बदलला. सगळ्या पेटमध्ये गोलेम हा एकच असा आहे की तो नेमका कुठं उभा करायचा ते तुम्ही ठरवता. कर्सर जिथं, गोलेम तिथं. मढं लागत नाही, फक्त मॅना (जादूची शक्ती) लागतो, एका वेळी एकच गोलेम असतो आणि नवीन टाकला की जुना जातो, म्हणजे गोलेमला "चल तिकडं" म्हणायच्या ऐवजी तिकडं नवीनच टाकायचा. क्ले गोलेम पहिल्या लेव्हलला १५ मॅनाचा आहे आणि पॉइंट वाढवत गेलं की मॅना पण वाढत जातो, म्हणून मी त्याच्यात एकच पॉइंट ठेवतो, प्लस स्किलचं सामान घातल्यावर जो वाढेल तो वाढेल. तो मरायलाच असतो, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. तिरंदाजांच्या मधोमध टाकायचा, ते त्याच्यावर बाण मारत बसतात तोवर तुमचे सांगाडे पोचतात. आणि क्ले गोलेमनं ज्याला मारलं तो हळू होतो, बॉससुद्धा. मामाच्या कळपात एक माणूस पुढं आणि एक मागं कुत्रं घेऊन असायचा, तसा गोलेम तुमचा पुढचा माणूस.

आयर्न गोलेमबद्दल एकच सांगतो, तो वस्तूपासून बनतो आणि मेला की ती वस्तू गेली, परत मिळत नाही. चांगला पोलआर्म (लांब दांड्याचं हत्यार) हाताशी आला म्हणून उत्साहात गोलेम करू नका. पण पुढं जाऊन राल, तिर, ताल, सोल ह्या रनचा इनसाइट जास्तीचा असला तर त्याचा गोलेम केल्यावर मेडिटेशनचा ऑरा (आसपासच्या आपल्या लोकांना लागणारा प्रभाव) मिळतो आणि मॅनाची कटकट मिटते. हा गोलेम जिवंत असला तर गेममधनं बाहेर पडून परत आलात तरी बरोबर असतो. बाकी कुठलाच पेट राहत नाही.

सांगाडे किती उठतात त्याचं गणित बऱ्याचजणांना माहीत नसतं. स्किल लेव्हल १, २, ३ ला तेवढेच सांगाडे, त्यानंतर दर तीन लेव्हलला एक वाढतो. म्हणजे २० ला ८, २१ ला ९, आणि मग थेट २४ ला १०. म्हणून प्लस वनचं एखादं अॅम्युलेट घालायचं का नाही ते ठरवताना बघा की तीनचा पाढा ओलांडतोय का. ओलांडत नसला तरी सांगाड्याची ताकद वाढतेच, पण एक डोकं वाढणं वेगळं. पॉइंटचं म्हणाल तर माझं साधं आहे, रेझ स्केलेटन २०, स्केलेटन मास्टरी २०, क्ले गोलेम, गोलेम मास्टरी, समन रेझिस्ट ह्यांना एकेक, कर्सना (शत्रूवर टाकायचे शाप) एकेक, आणि उरलेले कॉर्प्स एक्स्प्लोजनला, म्हणजे मढं फोडून स्फोट करायच्या स्किलला. मेजला (जादू मारणारे सांगाडे) सुरुवातीला पॉइंट घालू नका, अरुंद जागेत ते वाट अडवतात आणि पुढचे साधे सांगाडे कमजोर राहतात. चुकलं तरी घाबरू नका, प्रत्येक डिफिकल्टीत डेन ऑफ ईव्हिल ही पहिली कामगिरी केल्यावर गावातली अकारा एकदा सगळे पॉइंट परत देते.

अजून एक युक्ती. सांगाडे पूर्ण भरलेले असताना परत रेझ मारला तर नवीन उठतो आणि जुन्यातला एक पडतो. हे लोकांना वाया गेल्यासारखं वाटतं पण उलट फायदा आहे, नवीन सांगाडा पूर्ण लाइफ घेऊन उठतो आणि जिथं मढं पडलंय तिथंच उठतो. मागं कुठंतरी कोपऱ्यात अडकलेले, अर्धमेले झालेले सांगाडे बदलून टाकायची हीच पद्धत. मारामारी संपली की पुढं जायच्या आधी दोनतीन मढी अशीच वापरा. फॉलन शामन असला तर मारामारी चालू असतानाच वापरा, कारण तो मेलेले फॉलन परत उठवत बसतो, तुम्ही मढं आधी उचललं की त्याला उठवायला काही उरत नाही. पाचव्या अॅक्टचा बॉस निहलाथाक तर मढ्यांचाच स्फोट करून माणूस मारतो, त्याच्या खोलीत मढं दिसलं रे दिसलं की संपवायचं, सांगाडा करून किंवा फोडून, कसंही. आणि थंडीच्या डॅमेजनं मेलेला शत्रू कधीकधी फुटून जातो, मढं राहतच नाही, म्हणून माझा मर्क (भाड्यानं घेतलेला शिपाई) मी माइटवाला घेतो, नाइटमेअरमध्ये दुसऱ्या अॅक्टला ऑफेन्सिव्ह घेतला की माइटचा ऑरा येतो, तो सगळ्या सांगाड्यांना लागतो. मर्क पण ऑर्डर ऐकत नाही पण शिफ्ट दाबून पोशनचा नंबर दाबला की पोशन त्याला जातं, एवढं लक्षात ठेवा.

पेट हलवता येत नाहीत, ठीक आहे, शत्रू तर हलवता येतो. कर्स त्याच्यासाठी आहेत. सगळे लोक अॅम्प्लिफाय डॅमेज टाकतात आणि टाकलाच पाहिजे, शत्रूचा फिजिकल रेझिस्ट १०० नं खाली जातो, सांगाड्यांचा मार एकदम चढतो. पण अॅम्प्लिफाय टाकला म्हणून सांगाडे त्याच शत्रूकडं धावतील असं काही नाही, ते जवळचाच धरतात. गर्दी हाकायला डिम व्हिजन आणि कन्फ्यूज बघा. डिम व्हिजन टाकला की लांबचे शत्रू आंधळे होतात, बाण मारायचे थांबतात, मग तुम्ही एकएक घोळका सुटा करून सांगाड्यांसमोर आणू शकता. कन्फ्यूजनं ते एकमेकांतच भिडतात. मी मोठ्या खोलीत लांबच्या बाजूला डिम व्हिजन आणि जवळच्या बाजूला अॅम्प्लिफाय टाकतो, म्हणजे जवळचे मरत राहतात आणि लांबचे गप्प. फक्त ध्यानात ठेवा की एका शत्रूवर एकच कर्स राहतो, नवीन टाकला की जुना जातो, आणि पार्टीत दुसरा नेक्रो असला तर त्याचा कर्स तुमचा पुसतो, म्हणून आधीच ठरवून घ्या कोण काय टाकणार. बॉसवर डिम व्हिजन चालत नाही, तिथं डिक्रेपिफाय, त्यानं तो हळू पण होतो आणि त्याचा मार पण कमी होतो.

रिव्हाइव्ह, म्हणजे मेलेला शत्रूच आपल्या बाजूनं उठवणं, ३ मिनिटांचा असतो, त्यामुळं बॉसच्या आधी उठवा, आधीपासून घेऊन फिरू नका, वाटेतच निम्मे संपतात.

आता मॅगट लेअर. दुसऱ्या अॅक्टचं हे भुयार समनरला सगळ्यात नकोसं, आणि टाळता येत नाही कारण तिसऱ्या मजल्यावरनं स्टाफ ऑफ किंग्ज आणायचीच असते. एका माणसाची वाट, तुम्ही पुढं आणि सांगाड्यांची रांग मागं, म्हणजे तुम्हीच ढाल. इथं मागं सांगितलेलं पुढंमागं सरकायचं तंत्र चालत नाही. इथं गोलेम म्हणजे बुच. वाट जिथं वळते तिथं वळणाच्या पलीकडं गोलेम टाका, शत्रू त्याला अडकतात, अॅम्प्लिफाय टाका, मर्ककडं भाला असतो तो गोलेमच्या मागनं पण पोचतो, आणि पहिलं मढं पडलं की कॉर्प्स एक्स्प्लोजन. स्फोटाला भिंतीची अडचण नाही, सगळे एकाच रांगेत उभे असतात त्यामुळं एक मढं फुटलं की मागचे दोनतीन पडतात. गोलेम मेला की लगेच दुसरा, मॅना पोशन बेल्टात भरून न्या. आणि मधे जिथं वाट जरा रुंद होते तिथं थांबा, सांगाड्यांना तुमच्या भोवती पसरू द्या, मरून गेलेले भरून काढा, मग पुढच्या अरुंद वाटेत शिरा. घाई केली की इथंच मरतो माणूस.

दुसऱ्या अॅक्टचा शेवटचा बॉस ड्युरिएल, त्याचं वेगळं. त्याच्या खोलीत एकही मढं नसतं, म्हणजे आत गेल्यावर सांगाडे मेले तर नवीन करायला काहीच नाही, आणि तो आत पाय ठेवल्या ठेवल्या अंगावर येतो. तर आत शिरायच्या आधी थडग्यात सगळे सांगाडे ताजे करून घ्या. आत शिरलं की पहिल्या सेकंदाला गोलेम त्याच्या अंगावर, दुसऱ्या सेकंदाला डिक्रेपिफाय, आणि तुम्ही तिथनं बाजूला. मग जमेल तेव्हा पोर्टल उघडून ठेवा. सैन्य संपलं तर पोर्टलनं गावात या, गावातल्या वेपॉइंटनं दुसरीकडं जा, तिथं शत्रू मारून सांगाडे भरा, आणि परत वेपॉइंटनंच गावात या, मग उघडं ठेवलेल्या पोर्टलनं ड्युरिएलकडं. मधे कुठंही नवीन पोर्टल उघडायचं नाही. शाळेत असताना सांगलीत विश्रामबागेतल्या एका नेट कॅफेत मी हे पहिल्यांदा केलं, ड्युरिएल निम्म्याच्या खाली आणला होता, सैन्य भरायला बाहेर गेलो, भरलं, आणि सवयीनं तिथंच नवीन पोर्टल उघडून गावात आलो. जुनं पोर्टल बंद झालं. सगळं थडगं परत चालत जावं लागलं, तोवर तास संपला आणि खिशात पुढच्या तासाचे पैसे नव्हते. ते मला अजून लागतं, म्हणून मावसभावाला मी हे तीनदा सांगितलं.

ऑनलाइन खेळताना दोनचार गोष्टी. एका गेममध्ये ८ जण असू शकतात, पॅलाडिन (ऑरा देणारा योद्धा) असला तर त्याच्या जवळ राहा, त्याचा माइट किंवा फॅनॅटिसिझम तुमच्या सांगाड्यांना पण लागतो, बार्बेरियनचा बॅटल ऑर्डर्स पण लागतो, तो ओरडताना सैन्य गोळा करून त्याच्या जवळ उभं राहा. कुणाचं मशीन अडखळायला लागलं तर अनसमननं मेज काढून टाका, मागायची वाट बघू नका.

आणि आपल्याकडं वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, नेट जातं, परत आलात की आयर्न गोलेम सोडून सगळं सैन्य गेलेलं असतं. हेल ह्या सगळ्यात अवघड डिफिकल्टीत एकट्यानं पहिला सांगाडा उठवणं हीच खरी परीक्षा. गावातनं बाहेर पडा आणि दाराजवळच थांबा, लांब जाऊ नका. एखादा एकटा शत्रू बघा, त्याच्यावर क्ले गोलेम, अॅम्प्लिफाय, मर्कला मारू द्या. मढं पडलं की सांगाडा. दुसऱ्या शत्रूला तिघं मिळून मारतील. चार सांगाडे होईपर्यंत कॉर्प्स एक्स्प्लोजनचं बटण दाबायचं नाही, कितीही हात शिवशिवला तरी, प्रत्येक मढं सांगाड्याला. चार झाले की एकाआड एक, एक सांगाड्याला, एक फोडायला. पूर्ण भरले की गावात एक फेरी मारून मगच वेपॉइंट.